हीटर चालू, तरी भिंती ओल्या: लहान कॅम्पिंग ट्रेलरमध्ये दर हिवाळ्यात परतणाऱ्या ओलीचे निदान आणि उपाय

रात्रभर हीटर चालू असतो, आत ऊबही असते, आणि तरी पहाटे खिडक्यांवरून पाणी ओघळत असते, छताच्या वळणावर थेंब लटकलेले असतात आणि गादीची भिंतीकडची कड हाताला गार, दमट लागते. दोन-चार मुक्कामांनंतर बैठकीखालच्या कप्प्यांतून कुबट वास येऊ लागतो. लहान कॅम्पिंग ट्रेलर वापरणाऱ्यांची ही तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. पुसून घेतले की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण पुढच्या थंड रात्री सारे पुन्हा तसेच होते. यावर बहुतेक जण आधीपेक्षा मोठा हीटर आणतात, थंडी आत येऊ नये म्हणून झरोके बोळे कोंबून बंद करतात आणि भिंतींना चकचकीत फुगेदार पत्रा (हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकवर चढवलेला वर्ख) चिकटवतात. यातले पहिले दोन उपाय ओल वाढवतात आणि तिसरा, जसा तो सहसा केला जातो तसा, जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आधी बाष्प बाहेर घालवायचे, मग भिंतीचा आतला पृष्ठभाग उबदार करायचा आणि हीटरची निवड सर्वांत शेवटी करायची, हा क्रम पाळला तर ही तक्रार कायमची मिटू शकते, असे माझे ठाम मत आहे.

पुढील विवेचन मुख्यतः तेरा फुटी फायबरग्लास ट्रेलर समोर ठेवून केले आहे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली जन्मलेला बोलर आणि मिनेसोटातील बॅकस या गावी बनणारा स्कॅम्प ही त्याची सर्वांत परिचित उदाहरणे होत. आमच्या ऑन्टारिओत आणि एकूणच उत्तर अमेरिकेत हे जुने ट्रेलर अजूनही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत, हलके असल्यामुळे साध्या गाडीला जोडता येतात आणि म्हणून अनेक मराठी कुटुंबेही यांच्यापासूनच सुरुवात करतात. त्यांचे शरीर म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे फायबरग्लासचे कवच असते आणि आतून फार तर सहा-सात मिलिमीटर फोमचा थर असतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी ते पुरेसे होते. आपण मात्र ऑक्टोबरच्या रानातले रंग पाहायला किंवा ऑन्टारिओतल्या अल्गोंक्विन उद्यानामधल्या म्यू लेकसारख्या हिवाळ्यातही उघड्या असणाऱ्या तळावर त्यांना नेतो, आणि तिथे त्यांची परीक्षा सुरू होते.

गळती की दव?

कोणताही खर्च करण्यापूर्वी हे पाणी बाहेरून येते की आतूनच तयार होते, हे ठरवले पाहिजे. ट्रेलर रिकामा, बंद आणि हीटरशिवाय उभा असताना पावसानंतर ओल दिसली, तर ती गळती आहे. कोरड्या, थंड रात्री माणसे आत झोपली असताना ओल दिसली, तर ते दव आहे. शंका राहिल्यास ओल्या जागी तळहाताएवढा अॅल्युमिनियमच्या वर्खाचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि दुसऱ्या दिवशी काढून पाहावा. वर्खाची खोलीकडची बाजू ओली असेल तर पाणी आतल्या हवेतून आले आहे. भिंतीकडची बाजू ओली असेल तर ते भिंतीतून झिरपले आहे. फायबरग्लास ट्रेलरमध्ये गळतीच्या जागा ठरलेल्या असतात: खिडक्यांची जुनी झालेली रबरे, छतावरच्या झरोक्याची चौकट, दोन अर्धी कवचे जिथे जुळतात तो कमरेचा सांधा, आणि कपाटे टांगण्यासाठी कवचातून आरपार मारलेले रिव्हेट. गळती असेल तर ती आधी बुजवावी, कारण ओल्या प्लायवुडवर फोम चढवला की आतले पाणी बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो आणि जमिनीची फळी आतल्या आत कुजत जाते.

रिव्हेटच्या बाबतीत घाई करू नये. त्यांच्या आतल्या टोकांवर दिसणारे थेंब पुष्कळदा गळतीचे नसून दवाचेच असतात, कारण धातूचा तो बारीक खिळा बाहेरची थंडी थेट आत पोहोचवतो.

पाणी तयार कसे होते

ट्रेलरमध्ये तापमान आणि आर्द्रता एकत्र दाखवणारे साधे डिजिटल यंत्र ठेवले की अर्धे निदान तिथेच होते. हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प ती धरून ठेवू शकते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, शून्य अंशाला पाच ग्रॅमही मावत नाही. आत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. ट्रेलरमधला जो पृष्ठभाग १२ अंशांपेक्षा थंड असेल, मग तो काच असो, रिव्हेट असो वा गादीखालची फळी असो, त्यावर पाणी जमणारच.

आता बाहेर उणे ५ अंश असताना हे पृष्ठभाग किती थंड असतात ते पाहू. एकेरी काचेची आतली बाजू साधारण २ अंशांवर उतरते. सहा-सात मिलिमीटर फोम असलेली भिंत ११ अंशांच्या आसपास राहते, म्हणजे ६० टक्के आर्द्रतेला ती ओली होते, ५० टक्क्यांना कोरडी राहते. २५ मिलिमीटर चांगला फोम नीट चिकटवलेली भिंत साडेसोळा अंशांच्या वर राहते आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात जाईपर्यंत ओलावत नाही. या तीन आकड्यांत समस्येचे सारे स्वरूप आले. काच जवळपास नेहमीच ओलावणार, जुनी भिंत आर्द्रतेवर अवलंबून राहणार आणि चांगली भिंत सुरक्षित राहणार. म्हणूनच थर्मोस्टॅट २० वरून २४ वर नेल्याने फारसा फायदा होत नाही. हवेतले बाष्प कमी होत नाही, भिंत मात्र हवेइतकी तापत नाही, आणि घाम येऊन अंगातून अधिक बाष्प बाहेर पडते ते वेगळेच.

हे बाष्प येते कुठून? झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो. दोन माणसांचे मिळून तासाला ८० ते १०० ग्रॅम धरावे. त्यात आपला स्वयंपाक येतो. भात उघड्या पातेल्यात शिजवणे, चहा उकळत ठेवणे आणि कुकरच्या शिट्ट्या यांतून एका जेवणामागे पाव ते अर्धा लिटर पाणी आठ-नऊ घनमीटरच्या त्या खोलीत सहज मिसळते. बर्फाने भिजलेले कोट, मोजे आणि आंघोळीचे पंचे आत वाळत घातले की त्यांतले पाणीही हवेतच जाते.

तरीही या सर्वांपेक्षा मोठा वाटा एका उपकरणाचा असतो आणि त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. ते म्हणजे धुराडे नसलेला प्रोपेनचा हीटर.

धुराडे नसलेला हीटर

छोट्या हिरव्या सिलिंडरवर चालणारा, जाळीवर लाल निखाऱ्यासारखा तापणारा हा हीटर स्वस्त असतो, वीज मागत नाही आणि पाच मिनिटांत खोली गरम करतो, त्यामुळे तो लोकप्रिय आहे. परंतु प्रोपेन जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी तयार होते, आणि ते थोडेथोडके नसते: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी निर्माण होते, म्हणजे जाळलेल्या इंधनाच्या वजनापेक्षाही जास्त. एक किलोवॅट उष्णता देणारा असा हीटर आठ तास चालवला, तर तो जवळपास एक लिटर पाणी बाष्परूपाने आत सोडतो. दोन झोपलेल्या माणसांपेक्षा हे अधिक आहे. ओल घालवण्यासाठी हा हीटर लावणारा माणूस प्रत्यक्षात ओलीची टाकीच उघडून ठेवतो.

ओल हा यातला लहान धोका आहे. ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद पडण्याची सोय अशा अनेक हीटरांत असते, पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. उंचीवर ही सोय दुसऱ्या प्रकारे अडते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरच्या वर विरळ हवेमुळे हे हीटर आपोआप विझू लागतात, आणि रॉकी पर्वतातल्या तळावर मध्यरात्री नेमके तेच घडते. असा हीटर जागे असताना, खिडकी किलकिली ठेवून, कपडे बदलण्यापुरता वापरावा. झोपताना तो बंद असलाच पाहिजे. या एका मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड मानत नाही. स्वयंपाकाची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवणे आणि बार्बेक्यूचे विझत आलेले कोळसे आत आणून ठेवणे हे तर जिवावर बेतणारे आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेत मृत्यू झाल्याच्या घटना तंबूंत आणि कॅराव्हॅनमध्ये वारंवार घडलेल्या आहेत.

झरोका उघडा ठेवा

थंडीत खिडकी उघडी ठेवायची हे ऐकताच उष्णता वाया जाईल असे वाटते. त्या नुकसानीचा हिशेब केला की भीती राहत नाही. उणे ५ अंशांच्या बाहेरच्या हवेत, ती कितीही दमट वाटली तरी, घनमीटरमागे जेमतेम तीन ग्रॅम बाष्प असते. तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली आणि ५० टक्के आर्द्रतेने बाहेर पडली, तर ती जाताना साडेआठ ग्रॅमच्या वर बाष्प घेऊन जाते. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा पाच ते सहा ग्रॅम पाणी उचलून नेते. दोन माणसांचे तासाचे शंभर ग्रॅम बाष्प घालवायला तासाला वीस घनमीटरच्या आसपास हवा बदलणे पुरते, आणि तेवढी हवा तापवायला लागते फक्त १७० वॅट उष्णता. दोन झोपलेल्या माणसांच्या शरीरांतून निघणारी उष्णता जवळपास तेवढीच असते. कोरड्या भिंतींसाठी ही किंमत अगदी नगण्य आहे.

यासाठी दोन वाटा लागतात, एक खाली आणि एक वर. छतावरचा चौदा इंची झरोका दोन बोटे उघडा ठेवावा आणि पावसाबर्फाची भीती असेल तर त्यावर बाहेरून टोपी बसवून घ्यावी. हवा आत येण्यासाठी झोपण्याच्या जागेपासून दूरची खिडकी किंचित उघडावी किंवा जमिनीलगत जाळीचे छिद्र करून घ्यावे. नुसता वरचा झरोका उघडला आणि खाली वाटच नसली, तर हवा हलत नाही आणि लोक म्हणतात की उघडे ठेवूनही उपयोग झाला नाही. झरोक्यात पंखा असेल तर तो सर्वांत मंद गतीवर, हवा बाहेर फेकणारा ठेवावा. स्वयंपाक चालू असताना मात्र तोच पूर्ण वेगाने चालवावा, भांड्यांवर झाकणे असावीत, आणि शक्य तिथे कुकर बाहेरच्या टेबलावर लावावा. युरोपात बनलेल्या कॅराव्हॅनमध्ये ईएन ७२१ या मानकानुसार वर आणि खाली कायमची उघडी छिद्रे दिलेली असतात. थंड वारा येतो म्हणून त्यांत बोळे कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. ती छिद्रे सुरक्षिततेसाठी आहेत आणि ती बंद करू नयेत.

व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर किंवा इंग्लंडात, जिथे हिवाळा म्हणजे ८ अंश आणि सततची रिपरिप, तिथे बाहेरची हवा तुलनेने दमट असल्याने हाच परिणाम साधायला बरीच अधिक हवा बदलावी लागते. तापमानातला फरक कमी असल्यामुळे त्याची उष्णतेतली किंमत त्या प्रमाणात वाढत नाही. वीज उपलब्ध असेल तर अशा ठिकाणी शोषक द्रव्यावर चालणारे आर्द्रता काढणारे यंत्र उपयोगी पडते, कारण कंप्रेसरवर चालणारी यंत्रे गार हवेत नीट काम करत नाहीत. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे रिकाम्या, बंद ट्रेलरमध्ये थोडीफार मदत करतात, माणसे झोपलेली असताना त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

गादीखालची ओल

ही ओल दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त नुकसान करते. गादी स्वतःच उष्णता अडवते, त्यामुळे तिच्याखालची प्लायवुडची फळी खोलीच्या उबेला मुकते आणि खालच्या बंद कप्प्याइतकी थंड होते. अंगातून निघालेले बाष्प मात्र गादीच्या फोममधून सहज खाली उतरते आणि थंड फळीवर पाणी होऊन बसते. वरची चादर कोरडी असते आणि खालून गादी सर्दावलेली असते. काळे ठिपके दिसू लागतात तेव्हा बुरशीने चांगलाच जम बसवलेला असतो.

उपाय गादीखाली हवा फिरवण्याचा आहे. फळीच्या जागी लाकडी पट्ट्यांची चौकट करावी किंवा फळीला जागोजागी तीन-चार सेंटिमीटरची भोके पाडावीत, आणि वर जाड, विणलेल्या जाळीचा थर अंथरून त्यावर गादी ठेवावी. गादी आणि बाहेरची भिंत यांत दोन बोटांची फट असावी. बैठकीच्या कप्प्यांना पुढून जाळी किंवा छिद्रे दिली तर खोलीतली ऊब खालपर्यंत पोहोचते आणि कुबट वासाचे मूळच जाते. सकाळी उठल्यावर अंथरूण लगेच गुंडाळून न ठेवता गादी उभी करून तासभर हवेशीर राहू द्यावी. आपल्या घरांत पावसाळ्यात गाद्या उन्हाला टाकण्याची जी सवय आहे, तीच इथेही कामाची आहे.

भिंती, जमीन आणि खिडक्या

आता उष्णतारोधक थराकडे वळू. सुरुवातीला उल्लेखिलेला चकचकीत फुगेदार पत्रा उष्णतेचे किरण परतवतो, पण त्यासाठी त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असावी लागते. तो थेट फायबरग्लासला चिकटवून वर कापड ताणले की किरण परतवण्याचा गुण संपतो आणि उरतो तो पातळ फुग्यांचा अल्पसा थर. त्यावर पैसे घालू नयेत.

वाकलेल्या भिंतींसाठी बंद पेशींचा लवचीक रबरी फोम, शक्यतो १९ ते २५ मिलिमीटर जाडीचा, सर्वांत विश्वसनीय ठरतो. बंद पेशींचा म्हणजे ज्याच्यात पाणी आणि बाष्प शिरत नाही असा. तो चिकटवताना कवच आणि फोम यांत हवेची पोकळी राहू देऊ नये. पोकळी राहिली की उबदार, दमट हवा फटीतून मागे शिरते आणि थंड कवचावर, जिथे आपला हात पोहोचत नाही तिथे, दव धरते. दोन तुकड्यांच्या सांध्यांवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून घ्यावी, जेणेकरून फोमची आतली बाजू सलग होईल. याच कारणाने या पातळ भिंतींत काचतंतू किंवा लोकर भरण्याच्या मी विरोधात आहे. त्या वस्तू बाष्प अडवत नाहीत, आणि बाष्प त्यांच्यातून आरपार जाऊन कवचापाशी थांबते. मोठ्या, लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरची गोष्ट वेगळी आहे, तिथे जाडी असते आणि बाष्परोधक थर नीट लावता येतो. डब्यातून फवारायचा फुगणारा फोम फटींपुरता ठीक असला, तरी सपाट भागामागे भरला तर पातळ कवचाला फुगवटे आणतो.

जमीन सपाट असल्याने तिथे कडक एक्सपीएस (पॉलिस्टायरीनच्या) फोमचे २५ मिलिमीटरचे पत्रे बसतात. पायांना लागणारा गारवा गेला की तीच खोली दोन अंशांनी अधिक उबदार असल्यासारखी वाटते. पॉलिस्टायरीनला चालणारेच चिकटद्रव्य वापरावे, साधी द्रावकयुक्त चिकटद्रव्ये तो फोम विरघळवून टाकतात. चाकांवरच्या कमानी लोक विसरतात, आणि त्या बहुधा कपाटाच्या आत असतात, त्यामुळे कपडे तिथेच ओले होतात. रिव्हेटच्या टोकांवर फोमच्या चकत्या आणि वर प्लास्टिकच्या टोप्या बसवाव्यात. कोणताही फोम उघडा ठेवू नये, तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यावर प्लायवुड, विनाइल किंवा आग सहज न धरणारे कापड असावे.

खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फायदा मात्र खिडक्यांवर मिळतो. एकेरी काच भिंतीपेक्षा दुपटीने उष्णता बाहेर घालवते आणि दवाचा पहिला थेंब तिच्यावरच जमतो. युरोपीय कॅराव्हॅनमध्ये दुहेरी अॅक्रिलिकच्या खिडक्या सर्रास असतात, त्यांची आतली बाजू अशाच रात्री ११ अंशांवर राहते. जुन्या खिडक्या बदलायच्या नसतील, तर रात्रीसाठी प्रत्येक खिडकीच्या मापाच्या फोमच्या गाद्या कापून चौकटीत घट्ट बसवाव्यात. यात कडा महत्त्वाच्या आहेत. गादी सैल बसली तर मागची काच आधीपेक्षाही थंड होते, दमट हवा कडेने आत जाते आणि सकाळी गादी काढताच पाणी वाहते. कॅनडात घराच्या खिडक्यांना हिवाळ्यात जी पारदर्शक प्लास्टिकची पटले केस वाळवण्याच्या यंत्राने ताणून लावतात, ती ट्रेलरच्या न उघडणाऱ्या खिडक्यांनाही छान बसतात आणि दिवसाचा उजेडही जात नाही. माणसे निसटण्यासाठी जी खिडकी राखलेली असते तिच्यावर कायमचे काही लावू नये.

उष्णता किती आणि कशाने

इथवरचे काम झाले की हीटरचा प्रश्न बराच लहान होतो. तेरा फुटी ट्रेलरच्या भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे २५ चौरस मीटर पृष्ठभाग धरला, आत २० आणि बाहेर उणे ५ अंश मानले, आणि वर सांगितलेली हवेची अदलाबदल चालू ठेवली, तर ढोबळ हिशेब असा निघतो: नुसत्या कवचाला साडेतीन किलोवॅटच्या वर, मूळच्या पातळ फोमला दोन किलोवॅट, आणि २५ मिलिमीटर फोमला एक किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते. उत्तर अमेरिकेतला नेहमीचा विजेचा हीटर १,५०० वॅटचा असतो. जुन्या ट्रेलरमध्ये तो रात्रभर धापा टाकतो आणि सुधारलेल्यात मध्यम गतीवर पुरून उरतो, याचे कारण हेच.

वीज असलेल्या तळावर विजेचाच हीटर लावावा. तो बाष्प सोडत नाही आणि ज्वलन करत नाही. १२० व्होल्टवर १,५०० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, म्हणून त्याच तारेवर किटली लावू नये आणि जोडतार बारा किंवा चौदा गेजची असावी. प्लग हाताला गरम लागला तर तिथेच थांबावे. कलंडल्यावर आपोआप बंद होणारा हीटर निवडावा आणि अंथरुणापासून मीटरभर तरी दूर ठेवावा.

वीज नसेल तर ज्याचे ज्वलन खोलीपासून पूर्णपणे बंदिस्त आहे, जो जळण्यासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, असाच हीटर घ्यावा. ट्रुमा आणि प्रोपेक्सचे प्रोपेनवरचे, वेबास्टो आणि एबरश्पेखरचे डिझेलवरचे हीटर या जातीचे आहेत. त्यांची हवा कोरडी असते. यात दोन किलोवॅटच्या वरचा हीटर लहान ट्रेलरला नको. १६,००० बीटीयूची, म्हणजे जवळपास पावणेपाच किलोवॅटची भट्टी पाच मिनिटे चालते आणि वीस मिनिटे बंद राहते. त्या मधल्या काळात काच आणि भिंत गार पडून दव धरतात, शिवाय झोपही मोडते. डिझेलचा हीटर सतत सर्वांत मंद गतीवर चालवला किंवा उंचावर विरळ हवेत वापरला तर त्यात काजळी साचते, म्हणून अधूनमधून तो पूर्ण वेगाने चालवावा.

बॅटरीवर विजेचा हीटर चालवण्याचा विचार सोडून द्यावा. पाचशे वॅट दहा तास म्हणजे पाच युनिटे, आणि १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा युनिटही नसते. त्याच बॅटरीवर पन्नास वॅटची विजेची चादर मात्र आठ तास निभावते आणि ऊब थेट अंगाला देते. लिथियम बॅटरी असेल तर ती शून्य अंशाखाली चार्ज करू नये, म्हणजे ती खोलीच्या आत ठेवावी.

ट्रेलर किंवा कॅराव्हॅन लडाखला नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेन असतो, आणि ब्यूटेन शून्याच्या थोडा खालीच वायुरूप होणे थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो. म्हणून लेहच्या रात्री सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मंदावते. साधे डिझेलही तिथे घट्ट होते. इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले आहे, डिझेलच्या हीटरात तेच भरावे. साडेतीन हजार मीटरवर धुराडे नसलेला हीटर लावून झोपू नये, हे इथे अधिकच लागू होते.

कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र

हीटर कोणताही असो, हे यंत्र हवेच. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखी वाटतात. शेजारच्या वाहनाचा जनरेटरही तो आपल्या खिडकीतून आत पाठवू शकतो. यंत्र फिरत्या निवासवाहनांसाठी प्रमाणित असावे, युरोपात ईएन ५०२९१-२ असा उल्लेख त्यावर पाहावा. ते झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास लावावे, आणि मागे छापलेली मुदत संपली की बटण दाबून आवाज येत असला तरी बदलावे. प्रोपेनच्या गळतीचे यंत्र वेगळे असते आणि ते जमिनीलगत बसवावे लागते, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असून खाली साचतो.

तरीही ओल राहिली तर

आर्द्रता रात्रभर ५० टक्क्यांच्या खाली राहते आणि तरी एकाच ठिकाणी ओल दिसते, असे असेल तर तो थंडीचा पूल आहे, म्हणजे धातूचा तुकडा, राहून गेलेला सांधा किंवा फोममागची पोकळी. थंड रात्री हाताने किंवा लेसरच्या तापमापकाने भिंत चाचपत गेले की तो सापडतो. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जात असेल, तर आणखी फोम लावू नये. बाष्पाचा स्रोत किंवा अडलेला झरोका शोधावा. संध्याकाळी आकडा ठीक असतो आणि पहाटे चारनंतर चढतो, तर झरोका पुरेसा उघडा नाही. स्वयंपाकानंतर चढतो आणि उतरतच नाही, तर आत येणाऱ्या हवेला खालून वाट नाही.

मुक्कामाहून परतल्यावर ट्रेलर कोरडा आहे असे गृहीत धरून बंद करू नये. गाद्या उभ्या कराव्यात, कप्प्यांची दारे उघडी ठेवावीत, आणि विजेचा हीटर लावून, झरोका उघडा ठेवून, यंत्रावरचा आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास स्थिर होईपर्यंत तो तसाच चालू द्यावा.